हळू बोटीला डिझेल इतकं कमी का लागतं? घारापुरीच्या लाँचपासून शिडाच्या बोटीपर्यंतचं गणित

गेटवे ऑफ इंडियावरून घारापुरीला जाणारी लाकडी लाँच साधारण तासाभरात पोचवते. पुढच्या वेळी जाल तेव्हा वरच्या डेकवर बसा आणि फोनमधलं कुठलंही जीपीएस स्पीडोमीटर अ‍ॅप सुरू करा. नेटवर्क गेलं तरी चालेल, कारण जीपीएस थेट उपग्रहाचे सिग्नल घेतं, त्याला डेटा पॅक लागत नाही. फक्त धक्क्यावर नेट असतानाच एकदा लोकेशन पकडू द्या, नाहीतर पहिला फिक्स मिळायला वेळ लागतो. स्क्रीनवर ताशी ११ किलोमीटरच्या आसपास आकडा दिसेल. संध्याकाळी लालबागहून दादरला जाणारी बस पुलाखाली अडकत अडकत साधारण याच वेगाने जाते.

समुद्रात वेग नॉटमध्ये मोजतात. १ नॉट म्हणजे तासाला १ सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. तेव्हा आपली लाँच झाली ६ नॉटची. शेजारून पांढरा फेस उडवत स्पीडबोट जाते तेव्हा लाँचमधले सगळे मोबाइल तिकडे वळतात, आणि ‘ही आपली कधी पोचणार’ असा चेहरा करून लोक परत वेफर्सच्या पुडीकडे वळतात. मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनियर. अ‍ॅप उघडायला दोनशे मिलिसेकंद जास्त लागले तर माझ्या नावाने तिकीट पडतं. त्यामुळे हळू चालणाऱ्या गोष्टीबद्दल मला प्रेम असायचं काही कारण नाही. पण त्या लाँचच्या तांडेलाने निवडलेला वेग हा इंजिनियरिंगच्या दृष्टीने फार शहाणा वेग आहे, आणि का ते कळलं की स्पीडबोटीकडे बघायची नजर बदलते.

बोट स्वतःच्याच लाटेत अडकते

गाडी रस्त्यावर हवा कापत जाते. बोट पाणी कापत जाते, आणि पाणी हवेच्या आठशेपटीहून जास्त घन असतं. बोट पुढे सरकताना पाणी बाजूला ढकलते, त्याची लाट होते. पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेपाशी, पाणी वर उचललं जातं, आणि मागे दुसरी लाट तयार होते. वेग वाढेल तशी या दोन लाटांमधली अंतरं लांबत जातात. हे लाटांचं भौतिकशास्त्र आहे, त्यात बोटीचं काही चालत नाही. लांब लाट वेगाने पळते, आखूड लाट हळू.

एका ठरावीक वेगाला ही लाट बरोबर बोटीच्या लांबीएवढी होते. नाळ एका लाटेच्या माथ्यावर, मागची बाजू दुसऱ्या लाटेच्या माथ्यावर आणि पोट मधल्या खोलगटात. आता याहून जोरात जायचं म्हणजे मागची बाजू खोलगटात घसरते आणि बोटीला स्वतःच उठवलेली लाट चढायला लागते. इंजिन कितीही ओरडलं तरी डिझेल त्या चढावर जातं, वेग फारसा वाढत नाही. या मर्यादेला हल स्पीड म्हणतात. हल म्हणजे बोटीचा पाण्यात बसणारा सांगाडा.

फॉर्म्युला फोनच्या कॅल्क्युलेटरवर बसतो: पाण्याच्या रेषेवरची बोटीची लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. उत्तर नॉटमध्ये. २५ फुटी बोटीला ६.७ नॉट, ३६ फुटीला ८, ४९ फुटीला ९.४, ६४ फुटीला १०.७. म्हणजे लांबी अडीचपट केली तरी वेग जेमतेम दीडपट होतो. घारापुरीच्या लाँचची पाण्यातली लांबी ४९ फूट धरली तर तिची मर्यादा साडेनऊच्या आत येते, आणि ती चालते ६ ने. चढ सुरू व्हायच्या बरीच आधी.

हे सगळं पहिल्यांदा नीट मोजलं ते विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनियरने, एकोणिसाव्या शतकात, लांबलचक टाकीत बोटींची छोटी मॉडेल्स ओढून. आजही जहाजांचं डिझाइन करताना ‘फ्रूड नंबर’ काढतात तो त्याच्याच नावाचा.

तुमच्या फोनमध्येही एक ट्रॉलर आहे

या साइटवर प्रोसेसरबद्दल वाचलं असेल तर पुढचा भाग सोपा जाईल. चिप जेवढी वीज खाते ती क्लॉक स्पीडच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. स्पीड वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. दोन्ही मिळून वीज जवळजवळ वेगाच्या घनाने, म्हणजे तिसऱ्या घाताने, वाढते. म्हणून गेल्या दशकभरातल्या फोनमध्ये दोन जातीचे कोअर असतात: गेम खेळताना जागे होणारे तगडे आणि गाणी वाजवताना, मेसेज घेताना काम करणारे छोटे, मंद, काटकसरी. बॅटरी दिवसभर पुरते ती या मंद कोअरमुळे.

बोटीचंही तसंच. हल स्पीडच्या खाली लागणारी ताकद ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढते, आणि मर्यादेजवळ गेलं की त्याहूनही खडी. एक उदाहरण करून बघू. पाण्यात ३६ फूट लांबीची, मध्यम वजनाची डिझेल बोट ८ नॉटला तासाला १६ लीटर पिते असं धरा. ६ नॉटला घनाच्या हिशेबाने पावणेसात लीटर. गेटवे ते घारापुरी साधारण ६ सागरी मैल आहे. ८ नॉटने गेलात तर पाऊण तास आणि १२ लीटर. ६ नॉटने गेलात तर एक तास आणि पावणेसात लीटर. पंधरा मिनिटं वाचवायला सवापाच लीटर जास्त. डिझेल लीटरला ९० रुपये धरलं तर पावणेपाचशे रुपये, तेही एका बाजूचे. प्रत्यक्षात ८ नॉट ही त्या बोटीची मर्यादाच असल्यामुळे फरक याहून मोठा निघतो.

मुंबईत ट्रॉलर म्हटलं की डोळ्यासमोर ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावरच्या मासेमारी बोटी येतात, आणि बातम्यांमधून पारंपरिक मच्छीमारांशी होणारी त्यांची भांडणं. या लेखातला ट्रॉलर वेगळा. साठच्या दशकापासून निवांत फिरण्यासाठी म्हणून एक बोट रूढ झाली. मासेमारी बोटीसारखाच खोल, गोलसर, लाटेला न घाबरणारा हल, एक साधं डिझेल इंजिन, आणि मासळीच्या खणाच्या जागी दोन बंक, स्वयंपाकाचा ओटा, बाथरूम. नाव तेच राहिलं, जाळं गेलं. अमेरिकन नौदलातले अधिकारी रॉबर्ट बीबी यांनी ‘पॅसेजमेकर’ नावाची ५० फुटी बोट १९६३ मध्ये सिंगापूरला बांधून घेतली आणि ती हिंदी महासागर ओलांडून थेट युरोपात नेली. छोट्या इंजिनवर, भरपूर टाकी घेऊन, हळूहळू. महासागर ओलांडायला शिडंच पाहिजेत या समजुतीला तिने धक्का दिला.

(खऱ्या मासेमारी ट्रॉलरला मात्र डिझेल भरपूर लागतं. हल काटकसरी असला तरी मागे पाण्यातून जाळं ओढायचं असतं, आणि त्या जाळ्याचा विरोध बोटीच्या कितीतरी पट असतो. मच्छीमार सहकारी संस्था डिझेलवरच्या व्हॅटच्या परताव्यासाठी सरकारच्या मागे का लागतात, ते यात आलं.)

मग स्पीडबोट हल स्पीड कसा तोडते?

ती लाट चढत नाही, लाटेवर बसते. तळ सपाट किंवा उथळ व्ही आकाराचा, वजन कमी, इंजिन दांडगं. पुरेसा जोर लावला की बोट पाण्यातून वर उचलली जाते आणि पाण्यावरून घसरत जाते. चपटा दगड पाण्यावरून टप्पे घेत जातो तसं. याला प्लेनिंग म्हणतात. त्या अवस्थेत गेल्यावर २५ नॉट सहज मिळतात, पण उचललेलं राहण्याची किंमत प्रत्येक मिनिटाला मोजावी लागते.

हा हिशेब मी मजेसाठी केला नाही. परळच्या ऑफिसातले आम्ही पाच जण वापरलेली एक स्पीडबोट भागीत घ्यायचा विचार करत होतो. प्रत्येकी बुलेटच्या किमतीएवढे पैसे, शनिवार-रविवार मांडवा, रील्स, वगैरे. घरी विचारलं तर आईने ‘आधी गॅलरीतली सायकल वापर’ असं सांगितलं होतं. तरी मी एक शीट बनवली, कारण पैसे खरे जाणार होते आणि पाचातल्या दोघांच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे.

साधारण २५ फुटी बोट, मागे १५० अश्वशक्तीची दोन पेट्रोल आउटबोर्ड इंजिनं. २५ नॉटला तासाला ६० लीटरच्या आसपास. म्हणजे एका सागरी मैलाला २.४ लीटर. गेटवे ते मांडवा सरळ रेषेत सात-साडेसात मैल, जाऊन-येऊन १५. झाले ३६ लीटर. पेट्रोल १०४ रुपये धरलं तर एका फेरीला पावणेचार हजार. आता त्याच लांबीची शिडाची बोट घ्या, आत दहा-पंधरा अश्वशक्तीचं छोटं डिझेल इंजिन. शीड न उघडता नुसत्या इंजिनवर ५ नॉटने गेली तरी तासाला दीड लीटरच्या आसपास, म्हणजे मैलाला ०.३ लीटर. जाऊन-येऊन साडेचार लीटर, चारशे रुपये. शीड उघडलं तर त्याहून कमी.

आमच्यातल्या एकाचा मुद्दा मात्र वजनदार होता. तो म्हणाला, अरे, आठवड्यात एक रविवार मिळतो. तुझ्या बोटीत तीन तास जाण्यायेण्यात गेले तर मांडव्याला थांबायचं कधी? बरोबर आहे. पोचणं हाच उद्देश असेल तर स्पीडबोट किंवा कॅटामरान घ्यावी. कॅटामरानचे दोन हल लांब आणि सडपातळ असतात, त्यांची लाट लहान उठते, त्यामुळे त्या प्लेनिंग न करताही बऱ्यापैकी पळतात. मांडव्याच्या प्रवासी सेवेत त्या टिकल्या त्याचं हे एक कारण. २०२५ मध्ये सरकारने भाऊच्या धक्क्यावरून जयगड आणि विजयदुर्गसाठी रो-रो जाहीर केली तेव्हाही २५ नॉट हाच आकडा मोठ्या अक्षरात होता. गणपतीला गावी जायचंय, आरतीच्या आत पोचायचंय, तिथे निवांतपणा कोणाला हवाय?

पण आमचा प्रश्न गावी जायचा नव्हता. पाण्यावर वेळ घालवायचा होता. मग पाण्यावरचा एक तास कितीला पडतो हे बघायला हवं, आणि त्या रकान्यात स्पीडबोटीसमोर सहा हजारांच्या वर आकडा येतो, शिडाच्या बोटीसमोर दीडशेच्या खाली. शिवाय स्पीडबोट हळू चालवून पैसे वाचवू म्हणाल तर तेही जमत नाही. ८ ते १४ नॉटच्या मधे ती धड तरंगत नाही, धड उचलली जात नाही, नाक वर करून पाणी ढकलत बसते. बंदरात लाटा वाढल्या की नेमका तोच वेग ठेवावा लागतो.

फुकटच्या वाऱ्याचं तंत्र

शीड म्हणजे वाऱ्याने ढकलायची चादर असं बऱ्याच जणांना वाटतं. वारा मागून असेल तेव्हा ते खरंही आहे. पण बाजूच्या वाऱ्यात शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं. त्याच्या फुगीर आकारामुळे वारा वळतो, आणि वळवलेल्या वाऱ्याची प्रतिक्रिया म्हणून शिडावर जोर येतो. तो जोर थोडा पुढे आणि बराचसा बाजूला असतो. बाजूला सरकणं अडवायला पाण्याखाली एक जड पातं असतं, कील. बोट आडवी सरकू शकत नाही म्हणून पुढे जाते. ओल्या साबणाची वडी दोन बोटांत दाबली की सटकते, काहीसं तसं.

यामुळे शिडाची बोट वाऱ्याच्या विरुद्धही जाऊ शकते, फक्त सरळ नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशाचा कोन ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, असं नागमोडी जायचं. तेव्हा अंतर १.४ पट होतं. वाऱ्याविरुद्ध सात मैल म्हणजे प्रत्यक्षात दहा.

आता शाळेतला भूगोल आठवा. दिवसा जमीन तापते, समुद्राकडून वारा येतो: खारे वारे. रात्री जमीन गार होते, जमिनीकडून वारा सुटतो: मतलई वारे. दहा मार्कांसाठी पाठ केलेली ही जोडी मुंबईच्या बंदरात रोज प्रत्यक्ष काम करते. पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबर ते मे, दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा चढतो आणि पहाटे-सकाळी पूर्वेकडून, ईशान्येकडून मंद मतलई असतो. मांडवा गेटवेच्या दक्षिणेला, जरा पूर्वेकडे झुकून. म्हणजे दुपारी निघालात तर वारा पाठीवर, मजेत पोचाल. त्याच संध्याकाळी परत यायचं तर वारा तोंडावर, नागमोडी मार्ग, शेवटी कंटाळून इंजिन. रात्री तिकडे राहून सकाळी मतलईवर निघालात तर वारा बाजूने मिळतो आणि बोट सरळ येते. शिडाची गलबतं, मचवे, फत्तेमाऱ्या चालवणारे खलाशी हे वेळापत्रक कोणत्याही अ‍ॅपशिवाय जाणत होते. आपल्याकडे विंडी आहे, तासातासाचा वारा बाणांनी दाखवतं, तरी आपण निघतो आपल्या ब्रेकफास्टच्या वेळेनुसार.

हळू बोटीच्या वेगाने खरंच कुठवर जाता येतं, याचं उत्तर मुंबईतच आहे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या यार्डात बांधलेली ५६ फुटी ‘म्हादेई’ २००९ मध्ये नौदलात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि चार थांबे घेऊन मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. नंतर १ नोव्हेंबर २०१२ ला अभिलाष टॉमी गेटवेजवळून त्याच बोटीतून निघाले, कुठेही न थांबता, शिडांच्या जोरावर, आणि मार्च २०१३ च्या शेवटी मुंबईत परत आले. सुमारे १५१ दिवस, साधारण २३,००० सागरी मैल. भागाकार करून बघा: सरासरी ६ नॉटच्या जरा वर येते. घारापुरीच्या लाँचचा वेग. त्याच यार्डातली ‘तारिणी’ घेऊन नौदलाच्या सहा महिला अधिकारी २०१७-१८ मध्ये जग फिरून आल्या.

विजेवरच्या बोटींनाही हाच वेग मानवतो. केरळात वैकमला जानेवारी २०१७ पासून ‘आदित्य’ नावाची सोलर फेरी चालते. ७५ प्रवासी, छतावर २० किलोवॉटचे पॅनल. एवढ्याशा पॅनलवर ती का चालू शकते? कारण ती साडेपाच-सहा नॉटनेच चालते आणि तिचे दोन हल सडपातळ आहेत. तिला २५ नॉटने पळवायचं ठरवलं तर बॅटऱ्यांच्या वजनानेच ती उचलली जाणार नाही.

पाऊणपट तिथी

हळू बोटीची एक अडचण स्पीडबोटवाल्याला कळतच नाही: पाणी स्वतःही चालत असतं. मुंबई बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा प्रवाह दीड-दोन नॉटचा सहज असतो. २५ नॉटच्या बोटीला त्याचं काही वाटत नाही. ५ नॉटच्या बोटीला दोन नॉट विरुद्ध म्हणजे उरले तीन, आणि दोन नॉट सोबत म्हणजे सात. एकाच डिझेलमध्ये दुपटीहून जास्त अंतर. इंधन वाचवायचा याहून स्वस्त उपाय कुठल्याही इंजिन कंपनीकडे नाही.

त्यासाठी आपल्याकडे एक जुना अल्गोरिदम आहे. कोळीवाड्यात किंवा कोकणातल्या कुठल्याही आजोबांना विचारा: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पंचमी असेल तर ५ चे पाऊणपट ३.७५, म्हणजे पावणेचार. अष्टमीला सहा. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, फरक नाही. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, त्यावर हे बसलेलं आहे. एक ओळीचं फंक्शन, इनपुट कॅलेंडरवरची तिथी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून प्रत्यक्ष निघताना भरतीचा अधिकृत तक्ता बघायचाच. पण रविवारी पंचमी असली तर चारच्या सुमारास ओहोटी लागेल, पाणी बंदरातून बाहेर धावेल आणि मांडव्याकडे जाणाऱ्या बोटीला मागून हात देईल, एवढं चहा पिता पिता सांगता येतं.

गैरसोयी

पहिली म्हणजे बोट लागणं. मळमळीला मराठीत हाच शब्द आहे, यावरून आपल्या आजी-आजोबांचा अनुभव कळतो. लालबाग-गिरगावातल्या किती घरांनी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने कोकण गाठलेलं आहे, आणि त्यातल्या किती जणांनी प्रवासभर फक्त लिंबू हुंगलं आहे. गोल तळाचा ट्रॉलर हळू चालताना कुशीवरून कुशीवर डुलतो. म्हणून महासागरात जाणारे ट्रॉलर दोन्ही बाजूंना दांड्यांवरून पाण्यात पंखे सोडतात किंवा हललाच फिरते पंख बसवतात. शिडाची बोट यात सरस. वाऱ्याचा दाब शिडावर सतत असला की ती एका बाजूला कलून स्थिर राहते.

दुसरी, जागा. मुंबईत खासगी बोट बांधून ठेवायच्या जागा मोजक्याच आहेत, पावसाळ्यात ती बाहेर काढून ठेवावी लागते, आणि हा खर्च बोट हळू असो की वेगवान, तेवढाच. तिसरी, खोली. कीलवाली बोट दीड-दोन मीटर पाण्याखाली असते, आणि ओहोटीला बंदराच्या पूर्वेकडचा बराच भाग चिखल होतो. गुगल मॅपवर सगळं पाणी एकाच निळ्या रंगाचं दिसतं, त्याला खोली कळत नाही. डेहराडूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय आपल्या किनाऱ्याचे नकाशे काढतं. ते, किंवा त्यावर आधारलेलं चार्ट अ‍ॅप, वापरायला हवं.

चौथी जास्त गंभीर. हळू बोट कोणाच्या वाटेतून झटकन बाजूला होऊ शकत नाही. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर इंजिनची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली आणि डझनाहून जास्त माणसं गेली. त्यानंतर लाँचवर लाइफ जॅकेट घालायला सांगतात तेव्हा फोटो खराब होतो म्हणून काढू नका. जहाजं दाखवणारी एआयएस अ‍ॅप्स गंमत म्हणून चांगली आहेत, कुठला टँकर कुठून आला ते कळतं. पण लहान लाँच आणि बऱ्याचशा छोट्या होड्यांवर ते यंत्र नसतं, आणि अ‍ॅपवरची माहिती काही मिनिटं जुनीही असू शकते. समोर मोकळं दिसतंय म्हणून मोकळं आहे असं धरायचं नाही.

आमच्या पाचांपैकी दोघं अजून स्पीडबोटीच्या जाहिराती फॉरवर्ड करतात. तिघांनी शिडाची छोटी बोट चालवायचा कोर्स लावला, एका वीकेंडला पुरेल एवढ्या फीमध्ये. तुम्हालाही करून बघायचं असेल तर ऑक्टोबर ते मे हा हंगाम. शिकवणाऱ्यांच्या बोटीची नोंदणी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे आहे का ते विचारा, पोहता येत असेल तर उत्तम, नसेल तर तसं पहिल्याच दिवशी सांगा. टोपीला दोरी बांधा. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये, आणि पाउच गळ्यात.

जून ते ऑगस्टमध्ये कोणी ‘आज समुद्र शांत आहे, चल’ म्हणालं तर जायचं नाही. १७ जुलै १९४७ च्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बंदराच्या तोंडाशीच बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. अमावस्येचे दिवस होते, समुद्राला उधाण होतं, आणि अंतर मांडव्याच्या थोडंसंच पुढे.